गावंडे काकांचा तानात

गावंडे काका एक द्राक्ष अकरा मिनिटं खातात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. फेब्रुवारी-मार्चात रोज सकाळी साडेसहाला ते बनियन-पायजम्यावर गच्चीत येतात, वेलीवरून एक काळा मणी तोडतात, आधी तो अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात, मग साल वेगळी चावतात, गर वेगळा, बी वेगळी. मग डोळे मिटतात आणि एसटी स्टँडवरच्या भोंग्याला लाजवील अशा आवाजात बोलायला लागतात.

"ऐकून राहिली का? साल जाड हाय. पयले जांभूळ लागलं. मंग काळं मिरं. आता थांब... आता आंबट, चिंचेच्या कवळ्या पानावानी. बी करकर वाजली. ओल बरोबर."

खाली स्वयंपाकघरातून काकूंचं उत्तर येतं, "हूं."

काकांची गच्ची आणि माझी झोपायची खोली यांच्यामध्ये चार फुटांची गल्ली आहे, त्यामुळे हे सगळं माझ्या उशाशीच घडतं. मी इथे अमरावतीतच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पहिलं लेक्चर साडेनऊला असतं, म्हणजे साडेसातपर्यंत झोपण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, द्राक्ष मनातल्या मनातही खाता येतं." काका शांतपणे म्हणाले, "म्याडम, मनातल्या मनात खाल्लं तं तिले खाली ऐकू कसं जाइन?" मी उशी कानावर घेतली.

काका तीस वर्षं कापसाचे ग्रेडर होते. दर्यापूर, अकोट, पातूर, जिथे खरेदी केंद्र तिथे काका. गाडी समोर लागली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतून मूठभर बाहेर काढायचा, दोन बोटांत धागा ओढायचा आणि एक शब्द बोलायचा. "सुपर." किंवा "फेअर." आणि समोरच्याचं नशीबच फुटलं असेल तर "फरदड." फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर उरल्यासुरल्या पराटीला लागलेला हलका कापूस. त्या एका शब्दावर समोरच्या घराचं वर्ष ठरायचं, म्हणून काका दुसरा शब्द खर्च करत नसत.

ती सवय त्यांनी घरीही आणली. आले, जेवले, झोपले. काकू सांगायच्या, "लग्नात भटजीनं इचारलं, नवरदेवाले काई सांगाचं हाय का? हे मने, नाही. ते यायचं माह्यासमोरचं शेवटचं भाषण."

निवृत्तीनंतर हाताखाली कापूस उरला नाही, तेव्हा काकांनी कॉलनीची प्रतवारी सुरू केली. माझ्या पिठल्याला त्यांनी 'कवडी' ठरवलं. कवडी म्हणजे किडक्या बोंडातला डागी कापूस. माझ्या नवऱ्याचा हात पहिल्याच भेटीत दाबून पाहिला आणि म्हणाले, "फेअर." माझा नवरा अजूनही ते कौतुक म्हणून पाहुण्यांना सांगतो. 'सुपर' हा शेरा मात्र आमच्या कॉलनीत एकाच गोष्टीला मिळाला होता, त्यांच्याच बायकोच्या, सुमनकाकूंच्या हातच्या पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रश्श्याला. त्यात कुणाचं दुमत नव्हतं. काकूंनी फोडणी टाकली की आम्ही आपापल्या घरात पोळ्या लाटायचं थांबायचो आणि वाटी घेऊन कुणाला पाठवावं याचा विचार करायचो.

मग तो साथीचा ताप आला. तो बहुतेकांना येऊन गेला, पण काकूंचा जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले दोन महिन्यांत येईल. मग म्हणाले सहा. मग त्यांनी महिने सांगणंच बंद केलं. कसं लागतंय असं विचारलं की काकूंचं एकच उत्तर, "कापूस." पुरणपोळी कापूस, ठेचा कापूस, लोणचं ओला कापूस. ग्रेडरच्या घरात याहून वाईट थट्टा कोणती होणार? काकू अर्ध्या भाकरीवर आल्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. "गोठ्यात वैरण टाकल्यावानी टाकते पोटात," म्हणायच्या, आणि ताट सरकवायच्या.

त्या दिवसांत काका बोलायला लागले. पहिल्यांदा मी ते खिडकीतून ऐकलं तेव्हा घरात कुणी पाहुणा आला असावा असं वाटलं. काका काकूंसमोर ताट घेऊन बसले होते आणि घास घेऊन सांगत होते, "ऐकून राहिली का? मीठ बरोबर हाय. जिरं जराक जळलं. लसणाचा वास नाकापर्यंत गेला." ते एक घास सांगायचे, काकू एक घास खायच्या. दर्यापूरला एका लग्नाला एकटे गेले, तर पंगतीत मोबाइल ताटाशेजारी उभा करून अख्खं ताट सांगितलं. वांग्याच्या भाजीत कढीपत्ता उशिरा पडला हे त्या दिवशी काकूंबरोबर यजमानालाही समजलं. त्या घरून काकांना पुन्हा आमंत्रण आलेलं नाही.

द्राक्षांचं खूळ यातूनच निघालं. काका एका नातेवाइकाकडे नाशिकला गेले असताना सगळ्यांबरोबर त्यांनाही एका वायनरीत नेण्यात आलं. काका थेंबालाही शिवत नाहीत. खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून परत करतात. तिथला माहिती देणारा पोरगा पेला फिरवत सांगत होता की या लाल वाइनमध्ये जांभूळ आहे, मिरी आहे, तंबाखू आहे, ओली माती आहे. काकांनी विचारलं, "हे सारं घालता तरी कुठून?" तो म्हणाला, घालत काही नाही, हे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, आणि प्रत्येक जातीचं वेगळं असतं.

"मंग मले पेला नको," काका म्हणाले, "साल दाखव."

तिथल्या बागेत नुकतीच छाटणी झाली होती. माळ्याच्या मागे लागून काकांनी सात जातींच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि एसटीनं रात्रभर मांडीवर घेऊन आणल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "म्याडम, एका फळात येवढ्या चवी. त्यातली एक तरी तिच्या जिभेवर अटकन. तिच्या तोंडातून कापसाबिगर दुसरा शब्द निंगाला पाह्यजे, बस." मी शास्त्राची माणूस. म्हटलं, काका, वऱ्हाडातल्या उन्हात गच्चीवर ही द्राक्षं जगायची नाहीत, आणि काकूंच्या चवीचा नि द्राक्षाच्या जातीचा काही संबंध नाही. काकांनी माझ्याकडे फरदडीकडे पाहावं तसं पाहिलं आणि निळे ड्रम आणायला गेले.

सात ड्रम, सात वेली. आणि सातही जणांचा स्वभाव काकांना तोंडपाठ.

"हा पिनो. हा पुण्याचा पाहुणा. कातडी येवढी पातळ का कोणी मोठ्यानं बोललं तरी ओरखडा पडते. याले थंडी पाह्यजे, सावली पाह्यजे, मान पाह्यजे." पिनो पहिल्याच मे महिन्यात गेला. काकांनी त्याच्या ड्रममध्ये मेथी पेरली.

"हा शिराज. हा आपला अकोल्याचा माणूस. ऊन जेवढं जास्त तेवढा खुलते, अन् बोलण्यात मिरं. हा कॅबर्ने, घरातला थोरला भाऊ. जाड कातडीचा, लवकर पिकत नाही, पण ठेवला तं वीस वर्स टिकते. हा मर्लो, मवाळ. साऱ्याइशी पटते याचं. असा एक जावई भेटला पाह्यजे." झिनफँडेलवर त्यांचा विशेष राग होता, कारण त्याच्या एकाच घोसात काही मणी हिरवे, काही पिकलेले आणि काहींचा मनुका झालेला असतो. "एकत्र कुटुंब हाय हे. आजा वाळला तरी नातू हिरवाच." माल्बेकला ते शाईची दौत म्हणत; त्यानं त्यांचे तीन बनियन जांभळे केले.

सातवा तानात. फ्रान्समधली जात, मणी लहान, साल चिवट. बाकीच्यांत दोन-तीन बिया, तर याच्यात चार-पाचही निघतात. ग्रेडरला सरकी जास्त असलेला माल आवडत नाही. काकांनी त्याला शेवटच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे ठेवला होता.

गच्चीवर वाइनची द्राक्षं आहेत ही बातमी कॉलनीत पोचायला दोन दिवस लागले आणि गच्चीवर हातभट्टी आहे ही बातमी व्हायला अर्धा. सोसायटीचे अध्यक्ष दोन माणसं घेऊन तपासणीला आले. ड्रम हुंगून पाहिले. शेणखताशिवाय कसला वास येईना. काकांनी त्यांना खाली बसवलं आणि सातही स्वभाव पहिल्यापासून सांगितले. अध्यक्ष दीड तासानं सुटले. त्यानंतर ते भाजीला मागच्या गल्लीनं जातात.

या वेलींना जरा तहानेलं ठेवावं लागतं, तरच मण्यात चव उतरते. काका मोजून पाणी द्यायचे. पण एका वर्षी मर्लो टरारून फुगला. काकांनी एक मणी चोळला, चावला आणि एकदम ताठ झाले. "यानं पाणी पेलं. कोण मारलं पाणी?" वजन वाढवायला कापसावर पाणी मारणारे त्यांनी तीस वर्षं पकडले होते, घरातला चोर सापडायला त्यांना तीस सेकंदही लागले नाहीत. काकू रोज दुपारी तांदूळ धुतलेलं पाणी गुपचूप मर्लोला घालत होत्या.

"मी पाणी मारलेल्या गाड्याच्या गाड्या परत धाडल्या," काका कपाळाला हात लावून म्हणाले, "अन् आता माह्याच घरात?"

"सुकून राहिला होता तो," काकू म्हणाल्या. "मले पाहवलं नाही. तुमी तिकडं गाड्या परत धाडत होते, तवा त्या बैलायले पाणी कोण पाजत होतं काय मालूम."

तिसऱ्या वर्षी सगळ्या वेलींना नीट फळ धरलं आणि काकूंची परीक्षा सुरू झाली. खरं तर परीक्षा काकांचीच होती. रोज सकाळी गच्चीवरून आधी वर्णन, मग एक घोस खाली. काकू सालीसकट, बियांसकट चावायच्या. काका समोर उभे.

शिराज. "कापूस."

मर्लो. "कापूस. बेस नरम हाय, पण कापूसच."

माल्बेक, झिनफँडेल, कापूस, कापूस. थोरल्या भावावर, कॅबर्नेवर, काकांची सगळी मदार होती. काकू बराच वेळ चावत राहिल्या. मी खिडकीत टूथब्रश तोंडात धरून उभी होते. शेवटी त्या काकांच्या तोंडाकडे पाहत हळूच म्हणाल्या, "कापूस. जराक जाड भरडा." त्या दिवशी काका संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूच गच्चीच्या जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या, "आज कोणाचा नंबर हाय?"

उरला होता फक्त तानात, आणि तो पिकता पिकेना. मार्च सरत आला, उन्हाचे चटके बसू लागले, बुलबुल आणि पोपट टाकीवर येऊन बसायला लागले. काकांनी काकूंची जुनी नऊवार वेलीवर पसरली आणि स्वतः डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, हातात काठी घेऊन टाकीच्या सावलीत बसून राहिले. सलग नऊ दिवस. मी सरबत नेऊन दिलं तेव्हा म्हणाले, "म्याडम, हा शेवटचा हाय. याच्यानंतर माह्याजवळ दुसरी जात नाही." मला त्यांचं हसू येत होतं, आणि त्या क्षणी ते एकदम थांबलं. त्या माणसाला भीती वाटत होती.

दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी गच्चीवर मणी तोंडात टाकला आणि नेहमीसारखं बोललेच नाहीत. खोकल्याचा आवाज आला. मी धावत खिडकीशी आले. काका दोन्ही हातांनी गाल धरून उभे होते. "जीभ टाळूले चिकटली," एवढंच कसंबसं म्हणाले आणि घोस घेऊन खाली पळाले. मीही चपला न घालता त्यांच्या घरी धावले.

काकूंनी चार मणी एकदम तोंडात टाकले. चावले. आणि त्यांचा चेहरा पाहता पाहता आवळत गेला. डोळे बारीक झाले, गाल आत गेले, ओठांची मोट बांधली गेली.

"अवो बापा," काकू म्हणाल्या. "तुरट."

काकांनी विचारलं, "काय मनली?"

"तुरट. तुरट लागून राहिलं ना जी. सारं तोंड वढून घेतलं यानं."

काकांनी काकूंना दोन्ही खांद्यांना धरलं, मग एकदम लाजून सोडलं, आणि तिथून जे गच्चीवर गेले ते थेट टाकीवर चढले. "सुपर!" हा शब्द त्या सकाळी आमच्या कॉलनीनं, मागच्या कॉलनीनं आणि रस्त्यावरच्या दूधवाल्यानं ऐकला. मग सबंध घोसच्या घोस ताटात घालून काका घरोघर फिरले. ज्यानं दार उघडलं त्याच्या हातावर दोन मणी. ज्यानं खाल्ले त्याचं तोंड वाकडं. आठ वाजेपर्यंत सगळी कॉलनी तोंड आवळून रस्त्यावर उभी होती आणि एकमेकांकडे पाहून हसत होती. अध्यक्ष मागच्या गल्लीनं निघाले होते, त्यांनाही गाठलं. त्यांनी मणी चावला, डोळे मिटले, आणि "गावंडे, हे तं भयंकर हाय," म्हणून आणखी दोन मागितले. काकांनी दारावर खडूनं मोठ्ठं लिहिलं: तानात, सुपर. माझ्या नवऱ्यानं आपल्या 'फेअर'ची बढती होते का म्हणून विचारून घेतलं. नाही झाली. दुपारी काकूंनी कितीतरी दिवसांनी पातोडीचा रस्सा केला, आणि वाटी घेऊन मी स्वतःच गेले.

त्या आनंदात मला माझी लाज वाटत होती. टॅनिन, म्हणजे साली-बियांतलं तुरट द्रव्य, मी दर वर्षी शिकवते. तुरटपणा ही चव नव्हेच. टॅनिन लाळेला धरून बसतं, तोंड कोरडं पडतं आणि ते ओढल्यासारखं होणं आपल्याला स्पर्शानं कळतं. चव गेली, वास गेला, तरी स्पर्श शाबूत असतो. तीन वर्षं चार फुटांवर राहून मी परीक्षेत यावर प्रश्न काढले, आणि शेजारच्या बाईला साधी एक सुपारी चावून पाहा म्हणायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी आपोआप जागी झाले. गच्चीवर काहीच आवाज नव्हता. पावणेसात झाले. तरी नाही. मी वाटी परत द्यायचं निमित्त काढून गेले. काकू ओट्यापाशी बसल्या होत्या. समोर बरणी, आणि बरणीतला काळा तुकडा त्या सवयीनं तोंडात टाकत होत्या. आवळासुपारी.

मी बरणीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काकू, ही तर तुरटच असते. केव्हापासून खाताय?"

"लग्नाच्या आधीपासून खाते," काकू म्हणाल्या.

"म्हणजे तुरट तुम्हाला कळत होतं? तापानंतरही?"

"पयल्या दिवसापासून." त्या जिन्याकडे पाहत होत्या. "सांगतलं असतं, म्याडम, तं यायनं आवळ्याचं एक झाड लावलं असतं अन् मोकळे झाले असते. तीस वर्स हा माणूस कापसाशी बोलला. माह्याशी बोलाले लागला तो या तापापासून. मी मनलं, सात जाती हायेत, सात जाती होयेस्तोवर तं बोलन." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण काल मी खोटं नाही बोलली. त्याच्यासमोर आवळा म्हंजे काईच नाही. खरंच तोंड वढलं. अन् यायचं तोंड पाहून मी मनलं, आता सांगून टाकू, किती दमवाचं." त्यांनी बरणीचं झाकण लावलं. "आता सापडलं ना ते. आता कायले बोलतीन?"

 इतक्या दिवसांत त्या आवाजानं झोप मोडते म्हणून मी किती चरफडले होते, आणि आता तोच आवाज यावा म्हणून मी छताकडे पाहत उभी होते. काकूही पाहत होत्या. सात वाजले.

वर पायजमा घासल्याचा, ड्रम सरकल्याचा आवाज आला. मग खोकला. मग तो भोंगा.

"ऐकून राहिली का? काल गडबडीत पिनोच्या ड्रमातली मेथी पाह्यलीच नाही. आता चावून पाह्यली. पयले कडू हाय. मंग..."

काकू पटकन उठल्या, जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि या वेळी नुसतं हूं म्हणाल्या नाहीत.

"ऐकून राहिली जी," त्या म्हणाल्या. "मंग काय? सांगा ना."